एका वाक्यात नोंद: होमस्टे, बाग आणि बोट सांभाळणाऱ्यांसाठी

फोनवर बुकिंग घ्यायचं, ते वहीच्या मागच्या पानावर खरडायचं आणि रात्री निवांत कॅलेंडरात भरायचं, ही पद्धत मे महिन्यात टिकत नाही. निवांत रात्र मिळत नाही आणि वही नेमकी स्वयंपाकघरात राहिलेली असते. फोनच्या कॅलेंडरात नोंद करायची तर तारीख निवडा, वेळ निवडा, एएमचं पीएम करा, सेव्ह दाबा, एवढे सोपस्कार. समोर गिऱ्हाईक उभं असताना ते कोणी करत नाही. त्याऐवजी ‘पुण्याचे पाहुणे जेवायला उद्या १ वाजता’ एवढं एक वाक्य लिहिलं किंवा बोललं तरी भागतं. वाक्यातली तारीख-वेळ ॲप उचलतं आणि उरलेल्या शब्दांचं नाव करून नोंद ठेवतं.

सुरुवातीलाच एक सूचना. इथली उदाहरणं देवनागरीत छापली आहेत. ॲपमध्ये लिहिताना मात्र ‘टुमॉरो’, ‘एव्हरी’ असे तारखेचे शब्द आणि तारीख-वेळेचे अंक इंग्रजी लिपीत टाइप करायचे. बाकीचा मजकूर मराठीतच, देवनागरीत ठेवायचा. याचं कारण पुढे येईलच.

आधी ठरवा: ठरलेली वेळ की करायचं काम

डॉक्टरची वेळ, गाडीची वेळ, पाहुणे येण्याचा दिवस या गोष्टी तुम्ही काही केलं नाही तरी त्या वेळेला येतातच. त्यांची जागा कॅलेंडरात. बागेत फवारणी, पाण्याची टाकी धुणं, वीजबिल भरणं ही कामं मात्र आज राहिली तर उद्या करायचीच असतात. ती कॅलेंडरात टाकली तर दिवस सरला की मागे पडतात आणि दिसेनाशी होतात. त्यांना कामांच्या यादीचं ॲप हवं, म्हणजे टिक करेपर्यंत ती डोळ्यांसमोर राहतात.

नवख्या माणसाने दोनच ॲप घ्यावीत: कॅलेंडरसाठी गूगल कॅलेंडर, कामांसाठी टूडूइस्ट. दोन्ही फुकट सुरू करता येतात आणि अँड्रॉइड, आयफोन, संगणक सगळीकडे चालतात. आयफोनवाल्यांना ॲपलचं रिमाइंडर्सही चालेल. त्यात काम लिहिता लिहिता तारीख ओळखून ती सुचवली जाते. चार ॲप एकदम लावू नका. कुठली नोंद कुठे केली हे शोधण्यातच वेळ जाईल.

संगणकावर: गूगल कॅलेंडर

१. ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा. सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ सुरू आहेत का ते पाहा. कॅलेंडरची भाषा इंग्रजी ठेवा.

२. कीबोर्डवर क्यू दाबा. लिहायला छोटी चौकट उघडते.

३. एका ओळीत लिहा: आधी काय, मग तारीख, शेवटी वेळ. ‘दाभोळहून धोपावे फेरी, सहा जण टुमॉरो ११एएम’. शेवटची वेळही द्यायची असेल तर ‘११एएम-१पीएम’. ती दिली नाही तर सेटिंग्जमध्ये ठरलेली लांबी लागते. मुळात ती एक तासाची असते, हवी तर बदलता येते.

४. एंटर दाबा आणि नोंद कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला पडली ते डोळ्यांनी पाहा. यात दोन सेकंद जातात. ती वाचवायची नाहीत.

ओळीत अंक कमी ठेवा. ‘ॲडव्हान्स २००० आला, ४ मासे २ शाकाहारी’ असं सगळं त्याच ओळीत कोंबलं की कुठला अंक वेळेचा आणि कुठला पैशांचा याचा ॲपलाही घोळ होतो. माणसं अक्षरांत लिहा, ‘सहा जण’. पैशांचा आणि जेवणाचा तपशील नोंद झाल्यावर ती उघडून ‘डिस्क्रिप्शन’मध्ये टाका.

तारीख कधीही ‘५/६’ अशी लिहू नका. आपल्याला ती ५ जून वाटते, अमेरिकन पद्धतीत तीच ६ मे होते. सेटिंग्जमधला तारखेचा नमुना बदलला तरी सगळी ॲप तो मानतीलच असं नाही. ‘५ जून’ असं महिन्याच्या नावानिशी लिहिलं की वाद मिटला.

होमस्टेच्या खोल्या: रात्री मोजा, दिवस नाही

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. पाहुणे शनिवारी १२ डिसेंबरला येणार, सोमवारी १४ ला सकाळी निघणार. आपण ‘खोली दोन, डिसें १२ - डिसें १४’ अशी पूर्ण दिवसाची नोंद करतो. पट्टी १२, १३, १४ अशी तिन्ही दिवसांवर पसरते. दोन दिवसांनी कोणीतरी १४ च्या रात्रीसाठी फोन करतं, आपण कॅलेंडर बघतो, खोली भरलेली दिसते, आणि रिकाम्या खोलीला आपण ‘नाही’ म्हणतो.

म्हणून पूर्ण दिवसाची पट्टी फक्त मुक्कामाच्या रात्रींवर टाका: ‘खोली दोन, मुंबईचे पाहुणे डिसें १२ - डिसें १३’. निघण्याची वेळ लक्षात ठेवायची असेल तर वेगळी छोटी नोंद करा: ‘खोली दोन रिकामी, चादरी डिसें १४ १०एएम’. खोलीचं नाव नेहमी आधी आणि नेहमी सारखंच लिहा. कधी ‘खोली दोन’, कधी ‘वरची’, कधी ‘समुद्राकडची’ असं झालं की शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत.

घरात दोघं-तिघं फोन घेत असतील तर ‘होमस्टे’ नावाचं वेगळं कॅलेंडर उघडा. संगणकावरून त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये घरच्यांचे जीमेल पत्ते जोडा आणि ‘मेक चेंजेस टू इव्हेंट्स’ ही परवानगी द्या. यात एक खोच आहे. क्यू दाबून केलेली नोंद बहुधा तुमच्या मुख्य कॅलेंडरात जाते, होमस्टेच्या नाही. तुम्हाला ती दिसते, घरातल्या इतरांना दिसत नाही, आणि एकच खोली दोघांना दिली जाते. नोंद केल्यावर ती उघडून कॅलेंडरचं नाव बदला. प्रत्येक कॅलेंडरला ठळक वेगळा रंग दिला असेल तर चुकीच्या कॅलेंडरात पडलेली नोंद लगेच डोळ्यांत भरते.

फोनवर, मराठीत बोलून

फोनवर टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं. गूगल असिस्टंट आणि जेमिनी हे गूगलचे बोलून काम सांगायचे सहायक, आणि दोघांनाही मराठी कळतं. असिस्टंटच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. जेमिनी वापरत असाल तर त्याच्या ‘कनेक्टेड ॲप्स’मध्ये गूगल वर्कस्पेस (यातच कॅलेंडर येतं) सुरू करा, नाहीतर तो तोंडभर उत्तर देईल आणि कॅलेंडरात काहीच पडणार नाही. मग बोला: ‘शुक्रवारी १८ सप्टेंबरला सकाळी १० वाजता दापोलीला दवाखाना, कॅलेंडरमध्ये टाक.’

बोलण्याआधी वाक्य मनात पूर्ण जुळवा. मध्येच ‘अं… किती तारीख बरं’ म्हणून थांबलात की वाक्य संपलं असं समजून तो अर्धीच नोंद करतो. मिक्सर, पंप, बोटीचं इंजिन चालू असेल तर चार पावलं बाजूला जा. वेसवी, बागमांडले, आगरदांडा अशी गावांची नावं तो वाकडीतिकडी लिहील. तारीख-वेळ बरोबर असेल तर नाव सुधारायला लगेच बसू नका, तुमचं तुम्हाला कळतं.

बोलताना कुठे फसगत होते:

‘परवा’ टाळा. आपण तो शब्द गेलेल्या आणि येणाऱ्या, दोन्ही दिवसांना वापरतो. माणसाला संदर्भाने कळतं, यंत्राला कळेलच असं नाही. तारीख आणि महिना सांगा.

साडेतीन, पावणेआठ, सव्वानऊ, दीड, अडीच ही आपली रोजची भाषा. बरेचदा ती बरोबर ऐकली जाते, पण चुकली तर पाव तास ते तासभर चुकते. महत्त्वाच्या वेळेसाठी ‘सात पंचेचाळीस’ असं सुटं बोला. टाइप करताना तर अंकच.

सकाळ, दुपार, संध्याकाळ यातलं एक सांगितल्याशिवाय वेळ सांगू नका. नुसतं ‘सात वाजता’ म्हणजे कुठले सात हे ॲप स्वतःच्या मनाने ठरवतं. बाराचा घोळ त्याहून मोठा. दुपारचे बारा म्हणजे १२ पीएम, मध्यरात्रीचे बारा म्हणजे १२ एएम, आणि मध्यरात्रीपासून पुढची तारीख लागते.

शेवटची खोच दर्यावर जाणाऱ्यांसाठी. रात्री साडेबारा वाजले आहेत, तुमच्या मनात अजून सोमवारची रात्रच आहे, आणि तुम्ही म्हणता ‘उद्या पहाटे ३ वाजता निघायचं’. घड्याळात मंगळवार लागलेला असतो, त्यामुळे नोंद बुधवारच्या पहाटेवर पडते. पुरे चोवीस तास उशीर. मध्यरात्रीनंतर ‘आज पहाटे’ म्हणा, नाहीतर सरळ वाराचं नाव घ्या. तसंही पहाटे तीनला कॅलेंडरच्या बारीक टुणटुणीने कोणी उठत नाही. तिथे ‘पावणेतीनचा गजर लाव’ असं सांगून घड्याळाचा गजरच लावून घ्या.

कामांची यादी: टूडूइस्ट

टूडूइस्ट तारखेचे शब्द मराठीतून ओळखत नाही, इंग्रजीतून ओळखतं. सेटिंग्जमध्ये तारखेची भाषा इंग्रजी ठेवा. नवीन काम लिहिताना ओळीत पुढच्या खुणा चालतात:

# लावून प्रकल्प: #बाग, #होमस्टे, #घर
@ लावून लेबल: @बाजार, @फोन
पी१ ते पी४: किती निकडीचं, पी१ सगळ्यात आधी

म्हणजे ओळ अशी होईल: ‘खताची पोती सांगायची #बाग @फोन पी२ फ्रायडे १०एएम’. प्रकल्पाचं नाव एकाच शब्दात ठेवा. ओळखलेला भाग रंगीत दिसतो. न रंगलेली तारीख म्हणजे न ओळखलेली तारीख. उलट भलताच शब्द रंगला असेल तर त्यावर टिचकी मारा, रंग जातो आणि तो साधा शब्द म्हणून राहतो.

भलते शब्द रंगतात ते मुख्यतः मराठी इंग्रजी लिपीत लिहिल्यामुळे. व्हॉट्सॲपची सवय म्हणून ‘सात किलो कोलंबी’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ‘सात’चं एस-ए-टी होतं, आणि तो शनिवार. ‘सून येणार’ मधली सून यू घालून लिहिली की रविवार. ‘फांद्या तोड’ मधला ‘तोड’ टी-ओ-डी झाला की आज, कारण टूडूइस्टमध्ये ते ‘टुडे’चं लघुरूप आहे. काम देवनागरीत आणि तारीख इंग्रजीत लिहिली की ही टक्कर होतच नाही. कीबोर्ड बदलायला एक टिचकी जास्त लागते, पण त्याचा फायदा लगेच कळतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही जोडून ठेवा आणि स्पेसच्या शेजारच्या पृथ्वीच्या चिन्हाने बदलत राहा. मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंक तारखेला चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

‘एव्हरी’ आणि ‘एव्हरी!’

टूडूइस्टमधली ही एक गोष्ट नीट शिकलात तरी पुरे, निदान बागायतदाराला. पुन्हा पुन्हा येणारं काम दोन तऱ्हांनी लिहिता येतं.

‘एव्हरी १५ डेज’ लिहिलं तर पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते.
‘एव्हरी! १५ डेज’, म्हणजे उद्गारचिन्ह लावलं, तर पुढची तारीख तुम्ही काम पुरं करून टिक केल्याच्या दिवसापासून मोजली जाते.

हापूसच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरीसाठी फवारण्या घेताना दोन पाळ्यांत साधारण दोन आठवड्यांचं अंतर राखतात. समजा १ डिसेंबरची पाळी होती, ढग भरून आले, पाऊस झाला आणि फवारणी ५ डिसेंबरला झाली. ‘एव्हरी’ लिहिलं असेल तर पुढची पाळी १६ डिसेंबरला दिसेल, म्हणजे मधे अकराच दिवस. औषध, डिझेल, गड्यांची मजुरी वेळेआधीच खर्च. ‘एव्हरी!’ लिहिलं असेल तर ती २० तारखेला येईल, पंधरा दिवस पुरे धरून. म्हणून ओळ अशी: ‘मोहोर फवारणी #बाग एव्हरी! १५ डेज स्टार्टिंग १ डिसेंबर’. मोहोराचं फळ झालं की हे काम बंद करायला विसरू नका, नाहीतर ते काढणीपर्यंत पाठ सोडणार नाही. कुठलं औषध, किती, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात आणि डब्यावरच्या लेबलावर पाहायचं. ॲपचं काम फक्त दिवस मोजणं.

यात एक पथ्य आहे. ‘एव्हरी!’ वापरताना टिक त्याच दिवशी करा. फवारणी ५ तारखेला केली आणि टिक ८ ला केली तर मोजणी ८ पासून होते.

टाकी धुणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, गाडीचं सर्व्हिसिंग ही सगळी उद्गारचिन्हवाली कामं. वीजबिल, हप्ता, पतपेढीची रक्कम यांना साधं ‘एव्हरी’: ‘हप्ता भरायचा एव्हरी ५थ’. बँकेला तुम्ही मागचा हप्ता कधी भरलात याच्याशी घेणं नसतं, ५ तारीख ती ५ तारीख.

जे पुन्हा पुन्हा म्हणून टाकू नये

भरती-ओहोटी. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते म्हणून आज सापडलेली वेळ ‘एव्हरी डे’ टाकली, तर आठवड्याने त्याच वेळेला भरती असेल. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब ढोबळ अंदाजाला आजही चालतो. पाहुण्यांना वेळ द्यायची असेल तर त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहा आणि त्या एकाच दिवसाची नोंद करा.

सणवार. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. ‘एव्हरी इयर’ टाकलेला सण पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी येणारच. श्राद्धाची तिथी, गावची जत्रा, पालखी यांचंही तेच. नवं पंचांग आलं की एका बैठकीत वर्षभराच्या नोंदी करून टाका.

याउलट पावसाळ्यातली मासेमारी बंदी, १ जून ते ३१ जुलै, इंग्रजी तारखेवर चालते, त्यामुळे ती दरवर्षीसाठी टाकता येते. तरी त्या वर्षीचा सरकारी आदेश पाहूनच बोट काढण्याची तारीख पक्की करा.

रेल्वेचं आरक्षण हा तिसरा प्रकार. इथे नोंद प्रवासाच्या दिवसाची नाही, तिकीट उघडण्याच्या दिवसाची करायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, सकाळी ८ वाजता. चतुर्थीसाठी १२ सप्टेंबर २०२६ ला निघायचं तर तिकीट १४ जुलैला उघडणार. ‘गणपतीचं तिकीट जुलै १४ ७:४५एएम’ अशी नोंद करा, म्हणजे लॉगिन वगैरे आठच्या आधी उरकेल. परतीच्या तिकिटाचे ६० दिवस परतीच्या तारखेपासून वेगळे मोजा. ते नेहमी विसरतं. तत्काळ हवं असेल तर प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीला १० वाजता, बिगर-एसीला ११ वाजता.

व्हॉट्सॲपचा लांब निरोप आला तर

तीन कुटुंबं, पाच तारखा, दोन जेवणं असा निरोप आला की जेमिनीसारख्या सहायकाला तो मजकूर देऊन नोंदी करून घेता येतात. लग्नपत्रिकेचा फोटोही चालतो. वर एक ओळ स्वतः जोडा: ‘हा निरोप ३ डिसेंबर २०२६ चा आहे. यातल्या प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, वार, वेळ आधी यादी करून दाखव. मी हो म्हटल्यावरच कॅलेंडरात टाक.’ निरोपाची तारीख देणं गरजेचं आहे. कालच्या निरोपातलं ‘उद्या येतो’ तो आजपासून मोजतो आणि पाहुणे दारात उभे राहिल्यावर चूक कळते. यादीत वार मागण्याचं कारण, वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक तिथेच पकडता येते. पाहुण्यांचे आधार कार्डाचे फोटो आणि फोन नंबर मात्र यात चिकटवू नका.

काही सहायक थेट कॅलेंडरात लिहीत नाहीत, आयसीएस नावाची फाइल देतात. ती संगणकावर गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमधल्या ‘इम्पोर्ट’ने आत घेता येते. आत घेतल्यावर सकाळी ९ ची नोंद दुपारी २:३० ला दिसली, म्हणजे नेमका साडेपाच तासांचा फरक आला, तर फाइलमध्ये वेळ भारतीय न धरता जागतिक धरली गेली आहे. नोंदी एकेक करून सुधारत बसू नका. त्या पुसा आणि ‘वेळा एशिया/कोलकाता या टाइमझोनमध्ये दे’ असं सांगून फाइल पुन्हा बनवून घ्या.

आठवण आलीच नाही तर

नोंद बरोबर आहे, पण फोन वाजला नाही, ही तक्रार वारंवार येते. तीन जागा तपासा. कॅलेंडर ॲपच्या सेटिंग्जमध्ये वेळेच्या नोंदींची आणि पूर्ण दिवसाच्या नोंदींची आठवण वेगवेगळी लावायची असते. होमस्टेची पट्टी पूर्ण दिवसाची असल्यामुळे तिची आठवण आदल्या संध्याकाळी ६ ला लावा, म्हणजे बाजार करायला वेळ मिळतो. दुसरं, फोनच्या बॅटरी सेटिंग्जमध्ये कॅलेंडर आणि टूडूइस्ट ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला न उघडलेली ॲप झोपवतात. तिसरं, फोनचं ‘डू नॉट डिस्टर्ब’.

नेटवर्क गेलं तरी फोनवर आधीच उतरलेल्या नोंदी वाजतात. टाइप केलेली नवी नोंदही फोनमध्ये राहते आणि नेट आल्यावर वर चढते. बोलून केलेल्या नोंदीला मात्र बहुधा नेट लागतंच. पावसात दोन दोन दिवस वीज आणि टॉवर दोन्ही जातात, तेव्हा घरातल्या दुसऱ्या फोनवर तुमची नोंद पोचलेली नसते. अशा वेळी बुकिंग घेतलंत तर घरात तोंडी सांगा, आणि नेट आलं की दोन्ही फोनवर ॲप एकदा उघडून खालच्या दिशेने ओढून ताजं करा.